पूररेषेचा दाखला: आधी लेव्हल, मग अर्ज

सांगलीत प्लॉट पूररेषेत दाखवलाय म्हणून कुणाचा बांधकाम परवाना अडलाय, कुणाचं कर्ज. त्यातल्या काही जागा खरोखर उंचावर असतात, नकाशावरची जाड रेघ त्यांच्यावरून गेलेली असते इतकंच. प्लॉट पूररेषेबाहेर आहे असा दाखला मागायची ही तयारी त्यांच्यासाठी. २०१९ ला ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. कागद बदलला तरी पाणी तिथेच येणार, आणि त्या घरात आपलीच माणसं झोपतात.

पहिल्यांदा नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, म्हणजे कुठल्या पट्ट्यात आहोत ते कळेल. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नव्या घराची आशा धरू नका. निळी ते लाल या पट्ट्यात मात्र राज्याच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर उंची राखून बांधकाम मंजूर होऊ शकतं. म्हणजे अनेकांना रेषेबाहेर पडायची गरजच नसते, जोतं उंच घेऊन भागतं. हे न बघताच लोक वर्ष-वर्ष हेलपाटे घालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ताजं हवं. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) नसेल तर भूमी अभिलेखकडे आधी मोजणी लावा. कधी रेषा प्लॉटचा नुसता कोपरा कापते. तेवढ्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्र, उरलेल्या जागेत वापरता येतो.

आता खरं काम, लेव्हलचं. पूररेषा म्हणजे मुळात पाण्याची पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर आपण पाण्याचे फूट ऐकतो, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्याही वर. तो आकडा अर्जात घालून काही सिद्ध होत नाही, कारण ती पुलाजवळच्या मोजपट्टीची उंची आहे. शिवाय पुराचं पाणी सपाट नसतं, नदीबरोबर उतरत जातं. भिलवडीकडची पातळी वेगळी, हरिपूरच्या संगमाची वेगळी. म्हणून पाटबंधारे कार्यालयाकडे लेखी मागणी करा की आमच्या सर्व्हे नंबरसमोरच्या नदीच्या छेदावर (पात्राच्या आडव्या कापावर) लाल रेषेची पातळी किती मीटर आहे. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तोच प्रश्न विचारा, मुदत ३० दिवसांची.

तो आकडा हातात आला की सर्व्हेअर बोलवा. त्याने कुठल्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल आणली ते अहवालात लिहून घ्या. आमच्या गल्लीतला एक अर्ज नेमका एवढ्यावरून परत आला होता. चारही कोपरे, सगळ्यात खोलगट जागा, समोरचा रस्ता आणि जोतं, प्रत्येकाची लेव्हल वेगळी मांडा. मोजणीआधी मुरूम टाकून जागा उचलू नका. भराव तुमचा, पण पाणी शेजाऱ्याच्या दारात. जवळ नाला असेल तर त्याच्याही लेव्हल घ्या. नदी लांब असली तरी शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून पाणी उलटं वस्तीत चढतं.

२०१९ किंवा २०२१ चा पंचनामा झाला असेल, सानुग्रह अनुदान घेतलं असेल, तर त्याची प्रत आधी स्वतः वाचा. त्यात पाणी घरात शिरल्याचं लिहिलं असेल तर ते लपवू नका. पाणी गल्लीपर्यंतच आलं असेल तर भिंतीवरच्या खुणेची लेव्हल काढून फोटोसह जोडा.

शेजारी ऊस असेल तर तोड झाल्यावरच मोजणी धरा, उभ्या उसात दुर्बिणीला पलीकडचं दिसत नाही. आणि जूनच्या आत अर्ज जाऊ द्या.