कोकेन सोडवणाऱ्या औषधाची बातमी आली तर ती कशी तपासायची

घरात कुणाला कोकेनचं व्यसन असलं की "लस सापडली", "नवीन गोळी आली" असले मेसेज नातेवाईक हमखास पाठवतात, आणि आपणही आशेने वाचतो, वाचणारच ना. २०२३ मध्ये ब्राझीलच्या कॅलिक्सकोका लसीला मोठं बक्षीस मिळालं तेव्हाही ती बातमी जगभर फिरली, पण तोवर तिचे प्रयोग प्राण्यांवरच झाले होते. म्हणून अशी बातमी हातात पडली की काय काय बघायचं ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने खास कोकेनच्या व्यसनासाठी म्हणून आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाहीये. हेरॉइनसाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आहे, कोकेनसाठी असं काहीच नाही. डॉक्टर झोपेसाठी, डिप्रेशनसाठी गोळ्या देतात ते बरोबरच आहे आणि त्या घ्यायलाच हव्यात, पण "कोकेन सोडवायचं गॅरंटीचं औषध आहे" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून सरळ उठायचं.

आता ट्रायल. प्रयोग माणसांवर झाला का, किती जणांवर, आणि तुलना कशाशी केली, हे आधी शोधा. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणारा गट हवाच हवा. कारण ट्रायलमध्ये आलेल्या प्रत्येकाला समुपदेशन मिळतं, आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी विचारपूस करतं, त्यात माणूस बहुतेकदा अगदी टोकाला गेल्यावरच नाव नोंदवतो, मग नुसत्या त्यानेच बऱ्याच जणांचं सेवन कमी होतं आणि श्रेय गोळीला जातं. आणि एका छोट्या ट्रायलवर तर अजिबात भुलू नका. १९८९ मध्ये डेसिप्रामिन या डिप्रेशनच्या जुन्या औषधाची ७२ जणांवर ट्रायल झाली, औषध घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोक सलग तीन-चार आठवडे कोकेनपासून लांब राहिले, प्लासिबोवाले फक्त १७ टक्के. केवढा फरक! पण पुढे बाकीच्या ट्रायल एकत्र करून बघितल्या तर तो फायदा टिकला नाही. मोडाफिनिलचंही साधारण तेच, सुरुवातीची छोटी ट्रायल छान आणि मोठ्या ट्रायलमध्ये हाती काही नाही.

मग बघायचं की यश मोजलं कसं. पेशंट "मी नाही घेतलं" म्हणतो ते पुरत नाही, लघवी तपासावी लागते. कोकेन शरीरातून लवकर जातं पण त्याचं बेन्झॉयलेकगोनिन होतं, ते लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं, म्हणून चांगल्या ट्रायलमध्ये सोमवार-बुधवार-शुक्रवार असे नमुने घेतात, म्हणजे मधे घेतलेलं सहसा सुटत नाही. महिन्यातून एकदाच तपासलं असेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

आणि सोडून गेलेल्यांचं काय केलं? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोकेनच्या ट्रायल लोक मधेच फार सोडतात. समजा १०० जण आले, ५० गळाले, उरलेल्यांपैकी ३० जणांचे नमुने स्वच्छ आले, तर बातमीत येणार "६० टक्के यश". पण जे गळाले ते बहुतेक परत घ्यायला लागलेले असतात, त्यामुळे खरा हिशोब १०० पैकी ३० चा. न आलेला नमुना पॉझिटिव्ह धरलाय का हे ट्रायलच्या मूळ शोधनिबंधात लिहिलेलं असतं, तेवढं शोधा किंवा डॉक्टरांना विचारा.

लसीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आशा तिथेच जास्त लागते. कोकेनचा रेणू इतका लहान की शरीराची प्रतिकारशक्ती त्याची दखलच घेत नाही, म्हणून टीए-सीडी या लसीत तो कॉलराच्या विषातल्या एका निरुपद्रवी प्रोटीनला जोडला, म्हणजे अँटिबॉडी तयार होतील, त्या रक्तातच कोकेनला पकडतील आणि ते मेंदूपर्यंत पोचणार नाही. कल्पना खरंच सुंदर आहे. पण २००९ मध्ये आलेल्या ११५ जणांच्या ट्रायलमध्ये लस घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांमध्येच पुरेशा अँटिबॉडी झाल्या, आणि २०१४ च्या ३०० जणांच्या ट्रायलमध्ये मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. आणि लस तलफ कमी करत नाही, नशा नाही झाली तर माणूस जास्त डोस घेऊन बघू शकतो, हा धोका खरा आहे. त्यामुळे पुढे लस आली तरी समुपदेशन सुटणार नाही.

मग चालतं काय? कंटिन्जन्सी मॅनेजमेंट. व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे कोकेनच्या पेशंटवर केलं. लघवीचा नमुना स्वच्छ आला की लगेच व्हाउचर, पहिलं अडीच डॉलरचं, पुढच्या प्रत्येक स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलर वाढत जाणार, सलग तीन स्वच्छ आले की १० डॉलर बोनस, आणि एक जरी पॉझिटिव्ह आला की परत अडीचपासून सुरू. रोख पैसे हातात नाहीत, वस्तू किंवा क्लासची फी असं काहीतरी. १९९४ च्या ट्रायलमध्ये व्हाउचरवाल्यांपैकी ७५ टक्के लोक २४ आठवडे टिकले, नुसत्या समुपदेशनावरचे ४० टक्के. २०२१ मध्ये १५७ अभ्यास एकत्र करून बघितले, गोळ्या, थेरपी सगळं, तर लघवीच्या तपासणीत ठळक फायदा फक्त याच पद्धतीचा दिसला. विकायला गोळी नाही म्हणून याच्या जाहिराती होत नाहीत आणि घरच्यांपर्यंत हे पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र घरी स्वतःच बाटली घेऊन तपासत बसू नका, नात्याचं वाटोळं होतं, समुपदेशकाला विचारा की तुमच्या केंद्रात असं काही बसवता येईल का.

आपल्याकडे २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात कोकेन घेणारे ०.१० टक्के निघाले, अफूजन्य नशेपेक्षा खूपच कमी, त्यामुळे यावरच्या बहुतेक ट्रायल अमेरिकेतच झाल्यात. तरी कुणी "ट्रायलमध्ये घेतो" म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलची जिथे नोंद होते त्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या साइटवर स्वतः शोधून बघा, एथिक्स कमिटीची मंजुरी बघा. औषधाच्या ट्रायलसाठी तुमच्याकडून पैसे मागितले तर ते संशयास्पदच समजा. प्लासिबो मिळायची शक्यता किती, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार (२०१९ च्या नियमांनुसार ते मोफत मिळायला हवेत), मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे सही करायच्या आधी विचारा.

पोलिसांच्या भीतीने लोक उपचारालाच जात नाहीत. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ए मध्ये, सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणातल्या अंमली पदार्थाचा गुन्हा असेल आणि माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण आहे, पण उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. वकिलाशी नीट बोलून घ्या. आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, घरचे एकटे गेले तरी चालतं, पेशंट तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.