कुलुपाची फाइल पुसली आणि पावतीचा क्रमांक दोनदा छापला गेला

नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये तीन वजनकाट्यांचे प्रोग्राम एकाच लिनक्स संगणकावर चालत आणि पावतीचा पुढील क्रमांक एका सामाईक फाइलमधून घेत. ऐन हंगामात, फेब्रुवारीत, एकच क्रमांक दोन शेतकऱ्यांच्या पावत्यांवर छापला गेला. प्रोग्राम मीच लिहिलेला असल्याने दोष इतर कोणावर ढकलण्याची सोय नव्हती.

एका वेळी एकाच प्रोग्रामने क्रमांक घ्यावा म्हणून प्रत्येक प्रोग्राम कुलुपाची फाइल उघडून तिच्यावर ‘फ्लॉक’ हे लिनक्सचे कुलूप लावत असे आणि काम संपताच, केवळ माझ्या टापटिपीच्या हौसेपायी, ती पुसून टाकत असे. वास्तविक फ्लॉक फाइलच्या नावावर नव्हे, तर उघडलेल्या फाइलवर, म्हणजे तिच्या आयनोडवर (नावापेक्षा वेगळ्या अशा, फाइलच्या अंतर्गत नोंदीवर) लागते. पहिल्याने फाइल पुसून कुलूप सोडले की ताटकळलेल्या दुसऱ्याला निनावी झालेल्या जुन्या आयनोडचे कुलूप मिळे, आणि त्याच क्षणी आलेला तिसरा त्याच नावाची नवी फाइल निर्माण करून तिला कुलूप लावी; दोघेही आपण एकटेच आत आहोत अशा समजुतीत राहत.

फाइल उघडणे आणि कुलूप लावणे यांच्यामध्ये 2 सेकंदांचा मुद्दाम विलंब घातल्यावर हा दोष हुकमी दिसू लागला. फाइल पुसण्याची ओळ मी काढून टाकली. शिवाय कुलूप मिळाल्यावर ‘एफस्टॅट’ (उघडलेल्या फाइलची माहिती देणारे) आणि ‘स्टॅट’ (त्या नावाच्या फाइलची माहिती देणारे) यांनी दिलेले आयनोड व डिव्हाइस क्रमांक ताडून, ते जुळले नाहीत किंवा त्या नावाची फाइलच सापडली नाही, तर पुन्हा आरंभापासून प्रयत्न करण्याची सोय केली.