संगीत नाटकाच्या ऑडिशनला पद (म्हणजे नाटकातलं गाणं) कसं तयार करायचं
आधी पट्टी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ धरून गाणार तो स्वर, पक्की करा. बायकांची साधारण काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी), पुरुषांची काळी एकच्या आसपास असते, पण तुमची खरी पट्टी तीच जिच्यात तार सप्तकातला (वरच्या सप्तकातला) स्वर चालताबोलता, गळा न आवळता लागतो. ऑर्गन आणि तबलावाल्यांना पट्टी, ताल आधीच सांगून ठेवा.

मुखडा (सुरुवातीची ओळ) आणि एक अंतरा (पुढचं कडवं) पुरे, ताना (भरभर घेतलेल्या स्वरांच्या लडी) दोन-तीनच घ्या, समोरच्यांना मैफल नकोय, पात्र दिसायला हवंय. म्हणूनच पदाआधीचे संवादपण पाठ करा आणि शेवटच्या वाक्यातून थेट पहिल्या स्वरात शिरायची भरपूर प्रॅक्टिस करा, कारण बोलता बोलता गायला लागलं की बहुतेकांचा सूर तिथेच हलतो. आणि जोडाक्षरं खाऊ नका प्लीज, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळलाच पाहिजे!