जुन्या गाडीचं कार्बोरेटर: निवडताना आणि सेट करताना

जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स 100 गॅरेजच्या दारात आली, की शिकाऊ पोराचा पेचकस आधी कार्बोरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर जातो. चूक तिथूनच सुरू होते. "मिसिंग मारते", "रेस घेत नाही" अशा तक्रारींचं मूळ बरेचदा पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), प्लग नाहीतर व्हॉल्व्हमध्ये निघतं. कास्ट आयर्न बुलेट 350 असेल तर आधी पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिमी करा. इंजिन थंड ठेवून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरवून पाहा. त्या सहज फिराव्यात, पण वर-खाली खेळू नयेत. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा. कापसाच्या जिनिंगच्या भागात ते सरकीच्या तुसाने, मातीने बुजतं. मग गाडी दोन-तीन किलोमीटर गुण्यागोविंदाने चालते आणि बंद पडते. झाकण उघडलं की पुन्हा चालू.

कार्बोरेटर निवडायचं तर कंपनीच्या मापाचंच घ्या. बुलेट 350 ला 24 मिमी तोंडाचं 'मिककार्ब' ब्रँडचं, 500 ला 28 मिमीचं, आरएक्स 100 ला 20 मिमीचं. "मोठं बसवलं तर पिकअप वाढेल" हा गावोगावी पसरलेला भ्रम आहे. तोंड मोठं झालं की कमी रेसवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही, आणि शेतरस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अडखळते. जुन्या बाजारातून उचलत असाल तर स्लाइड (रेस दिल्यावर वर-खाली सरकणारा तुकडा) बॉडीत घालून हलवून पाहा. खडखड वाजली तर ते परत ठेवा, कारण झिजलेल्या स्लाइडच्या बाजूने हवा आत जाते आणि त्याचं आयडलिंग (मूठ सोडल्यावरची रेस) कुणालाच बसवता येत नाही. फ्लँज, म्हणजे इंजिनला नटाने बसणारी कडा, सपाट काचेवर टेकवा. नट जास्त आवळून वाकलेले फ्लँज फार सापडतात. थोडा बाक असेल तर काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासता येतो.

जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी भोकाची पितळी पुळी, तारेने कधीच साफ करू नका. पितळ मऊ असतं. 0.90 मिमीचं भोक 0.95 झालं तर क्षेत्रफळ 11 टक्क्यांनी वाढतं, आणि जेटवर नंबर मात्र जुनाच राहतो. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का पाहा. षटकोनी डोक्याच्या मिकुनी जेटचा नंबर प्रवाहाचा असतो, गोल डोक्याच्या जेटचा भोकाच्या मापाचा; दोघांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका.

आता सेटिंग. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी टेप लावा, स्विचच्या डब्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. गाडी कोणत्या खुणेवर बिघडते, त्यावरून दोषी भाग कळतो. बंदपासून आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट (कमी रेसचं छोटं जेट) आणि एअर स्क्रू. पुढे पावपर्यंत स्लाइडचा काप. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणारी सुई आणि ती ज्यात उतरते ते नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी थोड्या एकमेकींत घुसतात, पण नव्या माणसाला एवढं पुरतं. एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

इंजिन चांगलं गरम करून मेन जेट आधी ठरवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा-एक किलोमीटर पूर्ण रेसवर चालवा, क्लच दाबून तिथेच इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पोर्सेलीन पांढरंफट्ट म्हणजे पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ही पिस्टन जाम होण्याची पूर्वसूचना. कोऱ्या चहाचा फिका रंग हवा. नंतर एअर स्क्रू हलकेच पूर्ण आवळून दीड फेरा सोडा. जिथे रेस सर्वांत वर जाते तिथे ठेवा आणि रेस थ्रॉटल स्टॉप स्क्रूने उतरवा. एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आवळल्याने मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलट. फिल्टरच्या बाजूच्या स्क्रूला अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट जेट छोटं घ्या, अर्ध्याच्या आत आलं तर मोठं. शेवटी सुई: क्लिप एक खाच खाली केली की सुई वर येते आणि मिश्रण जाड होतं.

शंका आली तर चोक किंचित ओढून पाहा. सुधारली तर पेट्रोल कमी आहे, आणखी बिघडली तर जास्त. रेस सोडल्यावर फटफट फुटणं किंवा रेस वरच अडकणं ही बहुधा हवा ओढण्याची खूण. फ्लँजवर थोडं साबणाचं पाणी टाका, आवाज बदलला तर गळती तिथेच. नळीतून पेट्रोल टपकत असेल तर आधी फ्लोट व्हॉल्व्हमधला गंज काढा. कार्बोरेटर उलटं धरल्यावर फ्लोटचा दांडा बॉडीच्या कडेला समांतर हवा.

आपल्याकडचा, विदर्भातला ऋतू विसरू नका. मेच्या 46 अंशांपेक्षा डिसेंबरच्या 8 अंशांतली हवा साधारण आठव्या हिश्शाने दाट असते. मेमध्ये काठावर पातळ (पेट्रोल कमी) ठेवलेली गाडी थंडीत आणखी पातळ होते, म्हणून वहीत जेट नंबर, क्लिपची खाच, फेरे आणि तारीख लिहा. चिखलदऱ्याला उलट: सुमारे 1,100 मीटरवर हवा विरळ, गाडी जाड चालते, पण एका दिवसासाठी जेट बदलण्याची गरज नाही. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण पातळ होतं, जुनी ओ-रिंग फुगते. त्यामुळे नवं रबर आणि बहुतेकदा एक नंबर मोठं मेन जेट लागतं. पेरणीच्या हंगामात गाडी गोठ्यात उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून फ्लोट बाउल रिकामा करून ठेवा.