थायरॉईडची गोळी चालू, तरी पोट साफ नाही आणि टीएसएच खाली येईना: माझा अनुभव

आईला पोट साफ होत नव्हतं, गॅस, पायाला मुंग्या. इसबगोल झालं, त्रिफळा झालं, थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवून झाला, टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) तिथंच, डोकं फिरायची वेळ. शेवटी डॉक्टरांनी विचारलं गोळी कशाबरोबर घेता, तर चहाबरोबर आणि लगेच कॅल्शियम नि लोहाची, त्यामुळे थायरॉक्सिन (गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन) आतड्यात नीट शोषलंच जात नव्हतं.

मग क्रम असा: उठल्या उठल्या गोळी नुसत्या पाण्याने, चहा तासाभराने, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, लोह रात्री, म्हणजे किमान 4 तासांचं अंतर. बी12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं वेगळी, मुंग्या त्यानंतर थांबल्या. टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी परत केला, नॉर्मल, पोटही रुळावर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या किमान 2 दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.