जुने व्हिडिओ गेम ऑनलाइन लिलावात विकताय? या चुका टाळा

लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव ज्याने पाहिलाय, त्याला 'वांधा' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ट्रॉलीतला वरचा माल बघून बोली लागते, सौदा होतो, आणि खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किंवा भिजका माल निघाला की व्यापारी वांधा काढतो. मग भाव तोडून घ्या, नाहीतर माल परत न्या. जुन्या गेमच्या ऑनलाइन लिलावातही हेच घडतं. इथे तर बोली लावणाऱ्याला वरचा थरही हातात घेता येत नाही. त्याच्यापुढे असतात तुमचे चार फोटो आणि आठ ओळी.

नाशिकच्या सिडकोतल्या घरातून मी बरीच वर्षं स्वतःचे आणि मित्रांचे गेम विकतोय. कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोडकडची पोरं अडचण घेऊन येतात तेव्हा दहापैकी आठ वेळा गडबड गेममध्ये नसते, विकण्याच्या पद्धतीत असते.

आधी एक खुलासा, कारण 'ई-बे या लिलावाच्या साइटवर विकू का?' असं अजूनही लोक विचारतात. ई-बेची भारतातली साइट १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाली. आज ई-बेवर विकायचं म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला निर्यात करायची. देशातल्या देशात लिलाव चालतात ते फेसबुक, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर. दोन्हीकडचे नियम वेगळे असले तरी चुका बहुतेक सारख्याच होतात.

न तपासता 'कंडिशन ए-वन' लिहिणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. पीएस४ (प्लेस्टेशन ४) चा एक गेम माझ्या मशीनवर व्यवस्थित सुरू होत होता, म्हणून 'टेस्टेड' लिहून विकला. घेणाऱ्याकडे इन्स्टॉल अर्ध्यावर अडकलं. कारण साधं होतं. पीएस४ वर गेम एकदा इन्स्टॉल झाला की तो हार्ड डिस्कवरून चालतो, डिस्क फक्त 'आहे ना' एवढ्यापुरती वाचली जाते. चरा पडलेला भाग त्यानंतर कधी तपासलाच जात नाही. तेव्हापासून मी जुनं इन्स्टॉल डिलीट करतो, इंटरनेट बंद ठेवतो आणि डिस्कवरून गेम पुन्हा पूर्ण चढवतो. वेळ जातो, पण 'टेस्टेड' हा शब्द लिहिण्याचा हक्क त्यानंतरच मिळतो.

डिस्कची जात ओळखणंही गरजेचं आहे. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही प्रकारांची जाडी १.२ मिलिमीटरच असते, पण माहिती वेगवेगळ्या खोलीवर असते. पीएस१ चे गेम सीडीवर येत. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, म्हणून वरच्या स्टिकरच्या बाजूला पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा वाईट. अशी डिस्क बल्बसमोर धरा; सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर तिथली माहिती गेलेली आहे. पीएस२ च्या बहुतेक गेमची आणि एक्सबॉक्स ३६० ची डीव्हीडी मधोमध माहिती साठवते. पीएस३, पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्स वनपासून पुढे ब्लू-रे, तिच्यात माहिती वाचण्याच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असते आणि तिच्यावर कडक संरक्षक थर असतो.

या फरकावर पैसे अवलंबून आहेत. सीडी-डीव्हीडीचे हलके चरे पॉलिशच्या मशीनवर घालवता येतात. ब्लू-रेला ते मशीन लावलंत तर संरक्षक थर तर जातोच, खालची माहितीही जाऊ शकते. टूथपेस्ट कुठल्याच डिस्कला लावू नका. स्वच्छ मऊ कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. माहिती गोल रेषेत लिहिलेली असते, त्यामुळे त्याच दिशेने गेलेला चरा गेमच्या मशीनला सावरता येत नाही. आडवा चरा बऱ्याचदा सावरता येतो. एक्सबॉक्स ३६० चालू असताना हलवल्यावर डिस्कवर जी गोल रिंग पडते ती म्हणूनच इतकी घातक. अशी रिंग असेल तर तिचा फोटो पहिला टाका.

फोटो ट्यूबलाइटखाली समोरून काढलेले नसावेत. खिडकीशी बसून तिरक्या उजेडात डिस्कची खालची बाजू दाखवा. केसचे कोपरे, आतलं कव्हर, मॅन्युअल असेल तर ते, सगळं दाखवा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कव्हरवर ओल चढते, पिवळे ठिपके पडतात. तेही दिसू द्या. आधी दाखवलेल्या डागावर नंतर वांधा निघत नाही.

आणि मधल्या पारदर्शक गोलाजवळ कोरलेला बारीक कोड असतो, त्याचा जवळून फोटो स्वतःजवळ ठेवा. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

रीजन न लिहिणं

रीजन म्हणजे डिस्क ज्या देशांसाठी काढली तो भाग. पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्क कुठल्याही देशाच्या मशीनवर चालतात, म्हणून विकणारा निर्धास्त असतो. पण त्या गेमचं डीएलसी, म्हणजे नंतर डाउनलोड करायचे जादा भाग, डिस्कच्याच रीजनच्या खात्यावरून घ्यावं लागतं. दुबईहून काकांनी आणलेली अमेरिकन डिस्क आणि खातं भारतातलं, अशी जोडी असली की गिऱ्हाईक चिडतं. पीएस१ आणि पीएस२ ला तर रीजनचं कुलूपच होतं. आपल्याकडे युरोपसारखा पॅल या टीव्ही-पद्धतीचा माल यायचा. डिस्कवर छापलेल्या कोडवरून लगेच कळतं: एसएलईएस म्हणजे युरोप, एसएलयूएस म्हणजे अमेरिका, एसएलपीएस किंवा एसएलपीएम म्हणजे जपान. हा कोड शीर्षकातच लिहा. परदेशी संग्राहक नेमका तोच शोधतात. २००९ मध्ये पीएस२ साठी आलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा भारतात बनलेला गेम कोणाच्या माळ्यावर असेल तर तो रद्दीत घालू नका, कोडसकट नीट लिहून लिलावाला काढा.

पीसी गेमचं उलट आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर कोड एकदा वापरला की तो त्या खात्याला चिकटतो. मागे उरते ती फक्त डीव्हीडी आणि डबा. तो 'डबा, कोड वापरलेला' असंच लिहून विका. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. असं कार्ड पुन्हा विकता येतं, पण ते तसं आहे हे लिहायलाच हवं.

कॉपी केलेल्या डिस्क आणि लहानपणच्या 'नाइन्टी नाइन इन वन' कॅसेट यांच्याशी आपल्या कितीही आठवणी जोडलेल्या असल्या, तरी त्या ओरिजिनल म्हणून लिलावात काढू नका. पीएस२ ची खरी डिस्क खालून चंदेरी असते, सीडीवरचा गेम असेल तर निळी, पीएस१ ची काळी. जांभळट दिसली तर ती घरी लिहिलेली आहे.

बोली कशी चढते हे न समजून घेणं

पोरं विचारलेल्या किमती बघून भाव ठरवतात. कोणी पाच हजार मागितले म्हणजे पाच हजाराला विकला गेला असं नाही. ई-बेवर 'सोल्ड' चं फिल्टर लावून झालेले सौदे बघा, ग्रुपवर जुन्या लिलावांच्या पोस्ट चाळा.

ई-बेवर बोली लावणारा आपली कमाल मर्यादा टाकतो आणि साइट त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा एकाची मर्यादा पंधराशेची आणि दुसऱ्याची नऊशेची, तर सौदा नऊशेच्या एक पायरी वर थांबतो. म्हणजे भाव ठरवणारा माणूस दुसऱ्या नंबरचा. ज्या गेमला दोन हौशी गिऱ्हाइकं भेटणार नाहीत तो लिलावात टाकूच नका. फिफाचे जुने भाग दरवर्षी पडत गेले, फिफा २३ नंतर तर मालिकेचं नावच बदललं. असे गेम चार-पाच एकत्र बांधून ठरलेल्या किमतीला द्या. लिलाव ठेवा दुर्मीळ मालासाठी.

वेळेचं गणितही बघा. ई-बेवर लिलाव जितक्या दिवसांचा, तितके दिवस मोजून त्याच वेळेला संपतो. इथे रात्री जेवण झाल्यावर लिस्टिंग टाकलंत तर शेवट अमेरिकेतल्या सकाळी, लोक कामाला निघालेले असताना. हिवाळ्यात सोमवारी सकाळी साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला सात दिवसांचा लिलाव सुरू करा. तेव्हा त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. ग्रुपवर लिलाव असेल तर रविवारी रात्री नऊ-दहा चांगली वेळ. 'शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल' ही ओळ सुरुवातीलाच टाका, म्हणजे शेवटच्या सेकंदाची भांडणं होत नाहीत.

आणि मामेभावाला खोटी बोली लावायला सांगू नका. ई-बेवर खातं बंद होऊ शकतं. ग्रुपवर एकदा हे उघडं पडलं की तुमच्या पुढच्या पोस्टवर कोणी फिरकत नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्याचा भुर्दंड सरळ विकणाऱ्यांनाही बसतो.

पैसे आणि पाठवणी

लिलाव संपताच 'आर्मीत आहे, देवळालीला पोस्टिंग आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असा फोन आला तर ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पेमेंटचा स्क्रीनशॉट पुरावा नाही, बँकेत जमा दिसली पाहिजे. फसलात तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

परदेशी पाठवणीसाठी परदेश व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढावा लागतो, फी ५०० रुपये. अमेरिकेत ८०० डॉलरखालच्या पार्सलला मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे तिथली ड्युटी कोण भरणार हे बोली सुरू होण्याआधीच लिहा. देशात 'रजिस्टर करतो' असं कोणी अजून म्हणत असेल तर ती रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्येच स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे.

पॅकिंगमध्ये डिस्क केसमध्ये हलली की संपलं. मधला खटका सैल असेल तर केस बदला. बबलचे दोन वेढे आणि कडक खोका. आपल्याकडे द्राक्षाचे खोके मुबलक, पण वापरायचाच तर आधी आतला गंधकाचा कागद काढा आणि खोका उन्हात वाळवा. त्यातून निघणारा वायू कार्ट्रिजच्या, म्हणजे कॅसेटच्या, धातूच्या पट्ट्यांना चांगला नाही.

तरीही वांधा निघाला तर

'डिस्क चालत नाही' असा मेसेज आला की लगेच भांडू नका आणि लगेच पैसेही परत करू नका. कुठलं मशीन, कितव्या टक्क्यावर अडकतं, दुसरे गेम चालतात का, हे विचारा आणि व्हिडिओ मागवा. पीएस२ ची लेन्स थकली की बऱ्याचदा चंदेरी डिस्क चालतात आणि निळ्या चालत नाहीत. पीएस३ वर डीव्हीडी चालते आणि ब्लू-रे अडकते. अशा वेळी दोष मशीनचा असतो, आणि दुसऱ्या मशीनवर लावून बघायला सांगितलं की अर्धे वांधे तिथेच मिटतात. नाहीच मिटला तर माल परत मागवा, पाकीट उघडताना न थांबता व्हिडिओ काढा, आणि मधल्या गोलाजवळचा कोड तुमच्याकडच्या फोटोशी ताडून बघा. एकाच गेमच्या दोन डिस्कवर तो कोड सारखाही असू शकतो, म्हणून चऱ्यांची खूणही जुळवा. दोन्ही जुळलं तर त्याच दिवशी पैसे परत करा.