औषध संपल्यानंतरचे वर्ष : क्षयरोगाच्या क्लिनिकल संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केल्यानंतर आपल्याला प्रयोगशाळेतच काम मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मिळाले ते इंदूरमधील एका रुग्णालयाच्या छातीरोग विभागाला लागून असलेल्या खोलीतील टेबल, कुलूपबंद कपाट आणि क्षयाचे उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांची यादी. या रुग्णांना वर्षभर ठरावीक अंतराने बोलावून त्यांच्या फुफ्फुसांची क्षमता, वजन आणि रक्तातील साखर नोंदवण्याचे काम कोऑर्डिनेटर म्हणून माझ्याकडे आले. रामबागेतल्या घरी हे सांगितले तेव्हा आजीने विचारले, "अगं, बरी झालेली माणसं पुन्हा दवाखान्यात कशाला बोलावता तुम्ही?" या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःपुरते नीट समजून घ्यावे असे मला वाटते, कारण पुढे हाच प्रश्न रुग्ण विचारतात.

सहा महिन्यांच्या औषधांनी जंतू जातात, पण फुफ्फुसांवर उमटलेले व्रण राहू शकतात. काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, काहींच्या फुफ्फुसांत राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे बुरशी वाढते आणि अहवाल निगेटिव्ह आलेला माणूस दोन जिने चढताना थांबतो. मधुमेहाशी असलेला संबंध याहून गुंतागुंतीचा आहे. मधुमेही व्यक्तीला क्षय होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दोन ते तीन पट असतो. उलट क्षयाच्या संसर्गामुळेही साखर काही काळ वाढते, आणि रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधामुळे यकृत मधुमेहाच्या काही गोळ्यांचा लवकर निचरा करत असल्याने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून उपचार सुरू होताना एकदा तपासलेल्या साखरेवरून या माणसाला खरोखर मधुमेह आहे की ती वाढ तात्पुरती होती, हे निश्चित सांगता येत नाही. उपचार संपल्यानंतर ती पुन्हा मोजावी लागते. पोषणाचेही तसेच आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. संसर्गजन्य रोगाचे संशोधन जंतूपुरते मर्यादित का राहू शकत नाही, हे मला या चाचणीने शिकवले.

या कामात फार्मसी, जीवशास्त्र, दंतवैद्यक, होमिओपॅथी, नर्सिंग अशा अनेक शाखांतून माणसे येतात. पदवीपेक्षा आधी नियम वाचलेले असणे महत्त्वाचे आहे. 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९' आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचावीत, कोणी केलेल्या टिपणांवर भागवू नये. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत आपल्या शहरातील नोंदवलेले अभ्यास शोधून वाचणे हाही उत्तम अभ्यास आहे. इंदूरमध्ये काम करणाऱ्यांना तर याची अधिकच गरज आहे. या शहरातील औषधचाचण्यांवरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच काळात, २०१३ साली, नुकसानभरपाईचे आणि संमतीच्या चित्रीकरणाचे नियम आले. आजही एखादा नातेवाईक "आमच्यावर प्रयोग करणार का?" असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात ती आठवण असते, त्याला घाई न करता उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.

संमतीपत्राचे हिंदी भाषांतर माझ्याकडे आले, तेव्हा ते शुद्ध व्हावे यासाठी मी बरेच कष्ट घेतले. अभ्यास तपासून मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीत नियमानुसार किमान सात सदस्य असतात आणि त्यांत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आमच्या समितीतील त्या सदस्याने पहिल्याच पानावरील तीन शब्द वाचून दाखवले आणि खरगोनच्या शेतमजुराला ते कळतील का, असे विचारले. पुढे मी निमाडी आणि मालवी बोलणाऱ्या वॉर्डातील आयांकडून शब्द शिकून घेतले. एक साधे उदाहरण देते : रुग्णाला 'थूक' द्यायला सांगितले की तो लाळ देतो आणि नमुना वाया जातो, 'सकाळी खोल खोकून छातीतून आलेला बलगम' असे सांगितले तर हवा तो बेडका मिळतो. संमती घेतानाही असेच असते. वाचून दाखवल्यानंतर "आता तुम्ही मला सांगा, तुम्हाला काय समजले?" हे विचारल्याशिवाय सही किंवा अंगठा घेऊ नये.

माझी मोठी चूक झाली ती पुढे. सहाव्या महिन्याच्या भेटीला बरेच रुग्ण आले नाहीत, आणि मी त्यांच्या नावापुढे 'संपर्क होऊ शकला नाही' असे लिहून पुढच्या नावाकडे वळत राहिले. आमच्या मार्गदर्शक डॉक्टरांनी ती यादी माझ्यासमोर ठेवून, न आलेले कोण आहेत, एवढेच विचारले. ते बहुतेक झाबुआ आणि अलीराजपूरकडचे, बांधकामाच्या मजुरीसाठी गुजरातेत गेलेले होते. जे येत होते ते शहरातील, बसने अर्ध्या तासात पोहोचणारे, बरे खाऊन-पिऊन असणारे होते. केवळ आलेल्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला असता, तर उपचारानंतर फुफ्फुसे चांगली राहतात असे दिसले असते, आणि सिमेंटच्या धुळीत काम करणारा, कदाचित सर्वाधिक दम लागणारा माणूस त्या निष्कर्षात नसता. रिकामा रकाना म्हणजे केवळ माहितीचा अभाव नसतो. तो कोणत्या माणसाचा आहे, हे पाहावेच लागते.

त्यानंतर आम्ही नोंदणीच्या वेळीच दोन-तीन दूरध्वनी क्रमांक घेऊ लागलो आणि त्यांतील कोणाशी बोललेले चालेल, हे रुग्णालाच विचारून लिहू लागलो. शेजाऱ्याने फोन उचलला तर आजाराचे नाव किंवा विभागाचे नाव उच्चारायचे नाही, हा नियम पाळला, कारण एका मुलीचे लग्न मोडायला तेवढा एक शब्द पुरतो. होळीआधीच्या भगोरिया हाटाला, म्हणजे आदिवासींच्या उत्सवी बाजाराला, मजूर गावी परततात हे आम्हाला कळले. भेटीच्या ठरलेल्या तारखेत सवलत मिळावी म्हणून प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, दुरुस्ती सुचवली, ती नैतिक समितीकडून मंजूर करून घेतली आणि मगच अमलात आणली. मंजुरीआधी सोयीसाठी तारीख हलवणे हे कितीही चांगल्या हेतूने केले तरी प्रोटोकॉलचे उल्लंघनच ठरते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात : चुकलेली नोंद एका रेघेने खोडावी, मूळ अंक वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख असावी, पांढरी शाई कधीही वापरू नये. औषधचाचणी असेल तर गंभीर प्रतिकूल घटना (मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल करावे लागणे यांसारखी) २४ तासांत कळवावी लागते. हा कालावधी रविवारसाठी थांबत नाही. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीत, रुग्ण जोराने फुंकतो, म्हणून त्याच्या बेडक्याचा अहवाल आधी पाहावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि एन-९५ मास्क नीट बसला आहे याची खात्री करावी.

भगोरियाच्या आठवड्यात एक तरुण वडिलांबरोबर आला. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत तीस मीटरच्या मार्गिकेत तो दोनदा थांबला, भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि पुन्हा चालला. त्याची ती वर्षाची शेवटची भेट होती. अर्ज भरून झाल्यावर त्याने पुढची तारीख विचारली. अभ्यासात पुढची तारीख नव्हती. मी त्याला छातीरोग विभागात स्वतः घेऊन गेले आणि त्याच्या नावाचा केसपेपर काढून दिला. तेव्हापासून नव्या अभ्यासाचा प्रोटोकॉल हाती आला की मी आधी शेवटचे पान उघडते, आणि अभ्यास संपल्यावर रुग्णाला कोण पाहणार हे तिथे लिहिलेले नसेल, तर समितीपुढे जाण्याआधी ते लिहून घेते.